मापात मावेल तेवढेच



दोन संगणक परस्परांशी बोलतात तेव्हा त्यांच्यातील मजकूर लहान लहान पाकिटांतून जातो. आलेले पाकीट ठेवून घेण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत ठरावीक मापाची जागा राखून ठेवतो. तिला बफर म्हणतात. पायलीत मापापेक्षा अधिक धान्य ओतले तर ते जमिनीवर सांडते आणि आपल्याला दिसते. बफरमधून सांडलेली माहिती मात्र शेजारच्या जागेत शिरते आणि तेथे जे असेल ते पुसून टाकते. सामान्य प्रोग्रॅममध्ये असे घडले तर बहुधा तो एकटाच बंद पडतो. कर्नलमध्ये घडले तर सारे यंत्रच कोसळू शकते.

याचे एक बोधप्रद उदाहरण १९९६ मध्ये पुढे आले. समोरचे यंत्र जागे आहे की नाही हे विचारणारा ‘पिंग’ हा साधा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिला होता. अशाच विचारणेचे पाकीट अवाजवी मोठे करून दूरवरचे यंत्र बंद पाडता येते, असे आता दिसून आले. या प्रकाराला ‘पिंग ऑफ डेथ’ असे नाव पडले.

हे घडत कसे होते? १९८१ च्या इंटरनेट प्रोटोकॉलनुसार संपूर्ण पाकीट, शीर्षभागासह, ६५,५३५ बाइटांहून मोठे असू शकत नाही. मोठे पाकीट तुकडे करून पाठवता येते, आणि मूळ पाकिटात आपली जागा कोठून सुरू होते हे प्रत्येक तुकडा स्वतःच सांगतो. हे स्थान आठ-आठ बाइटांच्या पटीत दिलेले असते. त्याची कमाल ८,१९१ गुणिले ८, म्हणजे ६५,५२८. आता एखाद्या तुकड्याने हेच स्थान सांगितले आणि सोबत शंभर बाइट आणले, तर बेरीज ६५,६२८ होते. तुकडा लहान, स्थानही लिहिता येण्याजोगे. मर्यादेचा भंग होतो तो दोन्ही एकत्र केल्यावर. अनेक प्रणाली ही बेरीज तपासतच नव्हत्या.

ती तपासण्यातही एक खाच आहे. सोळा बिटांच्या जागेत ६५,५३५ च्या पुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तेथे ६५,६२८ ही संख्या ९२ अशी दिसेल आणि तुकडा बिनदिक्कत आत शिरेल. म्हणून आधी सुरुवातीचे स्थान बफरच्या आत आहे ना ते पाहावे, मग बफरच्या मापातून ते वजा करावे, आणि उरलेल्या जागेत मावत असेल तरच तुकडा उतरवून घ्यावा. न मावणारा टाकून द्यावा.

हा धडा एकदाच शिकून संपला नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला विंडोजमधील, आयपीच्या सहाव्या आवृत्तीशी संबंधित आणि यंत्र बंद पाडू शकणारा असाच एक दोष दुरुस्त करावा लागला. आज रुग्णालये, बँका आणि रेल्वे ज्या यंत्रांवर विसंबून आहेत, त्यांनाही अनोळखी पाकिटे स्वीकारावीच लागतात. पाकिटावरचा आकडा पाठवणाऱ्याने लिहिलेला असतो, स्मृती मात्र आपली असते. तेव्हा माप आपणच घ्यावयाचे.