अपघाताच्या आधी कायदा



2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात आणि खानदेशात अनेकांना आकाशातून जळत जाणाऱ्या ठिणग्यांची लांबच लांब रांग दिसली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं एक धातूचं कडं येऊन पडलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. वर्षभरापूर्वी उडालेल्या एका चिनी रॉकेटच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी कक्षेचा हिशेब मांडून सांगितलं.

ते कडं एखाद्या घरावर पडलं असतं, तर भरपाई कुणी द्यायची? याचं उत्तर 1972 च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारात आहे. ज्या देशानं रॉकेट सोडलं, ज्यानं ते दुसऱ्याकडून सोडवून घेतलं किंवा ज्याच्या भूमीवरून ते उडालं, त्या देशाच्या सरकारनं भरपाई द्यायची. जमिनीवर नुकसान झालं असेल, तर चूक कुणाची हे सिद्ध करायचीही गरज नाही. 1978 साली सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. बर्फातून किरणोत्सारी तुकडे शोधण्याचा खर्च कॅनडानं मागितला आणि 1981 मध्ये सोव्हिएत सरकारनं 30 लाख कॅनेडियन डॉलर दिले.

श्रोतेहो, या व्यवस्थेतली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रॉकेट सरकारी की खासगी, यानं देशाची जबाबदारी बदलत नाही. 1967 चा अंतराळ करार स्पष्ट सांगतो, की बिगरसरकारी संस्थांच्या अंतराळातल्या कामाची जबाबदारीही त्या देशाचीच. त्या कामाला परवानगी देणं आणि त्यावर सतत देखरेख ठेवणं हे सरकारचं कर्तव्य. उद्या भारतातल्या एखाद्या खासगी कंपनीचं रॉकेट भरकटून दुसऱ्या देशातल्या वस्तीवर पडलं, तर तो देश कंपनीकडे जाणार नाही, दिल्लीकडे येईल. आणि दिल्लीच्या तिजोरीत तुमचे-माझे पैसे आहेत. खासगी प्रक्षेपणावर सरकारचं नियंत्रण असावं, याचं पहिलं कारण हे आहे. नफा कंपनीचा असतो, धोका मात्र सगळ्यांचा.

आपल्याकडे हा प्रश्न आता पुस्तकातला राहिलेला नाही. जून 2020 मध्ये केंद्र सरकारनं अंतराळ क्षेत्र खासगी उद्योगांना खुलं केलं आणि त्यांना परवानगी देण्यासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापन करायचं ठरवलं. 18 नोव्हेंबर 2022 रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं ‘विक्रम-एस’ श्रीहरिकोट्याहून उडालं आणि 89.5 किलोमीटर उंची गाठून बंगालच्या उपसागरात उतरलं. भारतीय खासगी कंपनीचं ते पहिलं रॉकेट. 30 मे 2024 रोजी चेन्नईच्या अग्निकुल कंपनीनं श्रीहरिकोट्यातच उभारलेल्या स्वतःच्या प्रक्षेपण तळावरून ‘अग्निबाण’ सोडलं. त्याआधीचे प्रयत्न काही ना काही त्रुटी दिसल्यामुळे ऐनवेळी थांबवले होते. उलटी गणती चालू असताना थांबायला धैर्य लागतं, आणि या तरुण अभियंत्यांनी ते दाखवलं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला लहान रॉकेटांसाठी नवं केंद्र उभं राहत आहे. तिथून थेट दक्षिणेकडे उड्डाण करता येतं, श्रीलंकेला वळसा घालावा लागत नाही, त्यामुळे इंधन वाचतं.

हे सगळं अभिमानाचं आहे. वालचंदनगरला रॉकेटांची आवरणं घडवणाऱ्या आणि विक्रोळीत इंजिनं घडवणाऱ्या कामगारांच्या महाराष्ट्रानं तर हा अभिमान खास बाळगावा. पण अभिमानासोबत एक प्रश्न विचारायला हवा. हे सारं कोणत्या कायद्याच्या पायावर उभं आहे?

2023 मध्ये भारतीय अंतराळ धोरण आलं. 2024 मध्ये परवानगीची नियमावली आली. दोन्ही आवश्यक होती. पण धोरण म्हणजे संसदेनं केलेला कायदा नव्हे. अंतराळविषयक कामांच्या विधेयकाचा मसुदा 2017 साली लोकांपुढे ठेवला गेला, सूचना मागवल्या गेल्या, आणि तो मसुदा मसुदाच राहिला. इन-स्पेस संसदेच्या कायद्यानं नव्हे, तर सरकारी निर्णयानं निर्माण झाली. ती अंतराळ विभागाच्या अखत्यारीत आहे आणि तिच्याकडे दोन कामं आहेत: खासगी उद्योगाला प्रोत्साहन देणं आणि त्यालाच परवानगी देणं. ज्याला उत्तेजन द्यायचं त्यालाच वेळप्रसंगी अडवायचं, हे अवघड काम आहे. ते करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पाठीशी धोरणाचा कागद पुरत नाही. तिथे कायद्याचं बळ लागतं.

इतर देशांनी हे कसं केलं? सप्टेंबर 1982 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासजवळच्या मॅटागोर्डा बेटावरून ‘कोनेस्टोगा’ नावाचं खासगी पैशातून उभारलेलं रॉकेट उडालं. माजी अंतराळवीर डीक स्लेटन त्या कंपनीचे प्रमुख होते. पण अशा उड्डाणाला परवाना कुणी द्यायचा, हेच तेव्हा ठरलेलं नव्हतं. कंपनीला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जावं लागलं, शस्त्रांच्या निर्यातीचे नियमसुद्धा लागू झाले. त्या अनुभवातून ऑक्टोबर 1984 मध्ये व्यावसायिक प्रक्षेपणाचा कायदा झाला. परवाना देणारं कार्यालय एकच, ते परिवहन खात्याकडे. अर्ज स्वीकारल्यावर 180 दिवसांत निर्णय देण्याचं बंधन. 1988 च्या दुरुस्तीनं विम्याची विभागणी ठरली: संभाव्य नुकसानीचा हिशेब करून एका मर्यादेपर्यंतचा विमा कंपनीनं उतरवायचा आणि त्यापुढचा भार एका मर्यादेपर्यंत सरकारनं उचलायची तरतूद करायची. अमेरिकेतला खासगी रॉकेट उद्योग या चौकटीत वाढला, चौकट नसल्यामुळे नव्हे.

जपानचं उदाहरण तर अलीकडचं आहे. तिथे 2016 मध्येच परवाना आणि भरपाईची व्यवस्था असलेला कायदा झाला. 13 मार्च 2024 रोजी ‘स्पेस वन’ या खासगी कंपनीचं ‘कैरोस’ रॉकेट उड्डाणानंतर अवघ्या पाच सेकंदांत फुटलं. काहीतरी बिघडलंय हे ओळखून रॉकेटवरच्या स्वयंचलित यंत्रणेनंच ते नष्ट केलं. जळते तुकडे डोंगरावर पडले, पण कुणी जखमी झालं नाही, कारण त्या परिसरात माणूसच नव्हता. अपयश आलं, अपघाताची शोकांतिका झाली नाही. चांगल्या नियमनाची हीच कसोटी आहे.

आता आपल्या देशाचा अनुभव आठवा. अमेरिकेत प्रक्षेपणाचा कायदा झाला त्याच वर्षी, 1984 मध्ये, डिसेंबरच्या एका रात्री, भोपाळमध्ये विषारी वायू पसरला आणि हजारो माणसं गेली. पर्यावरण संरक्षण कायदा आला 1986 साली. घातक रसायनं हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा करणारा कायदा आला 1991 साली. दोन्ही कायदे चांगलेच आहेत, पण ते अपघातानंतर आले. ज्यांना त्यांचा उपयोग व्हायला हवा होता, ते तोवर या जगात राहिले नव्हते. अंतराळाच्या बाबतीत आपण हा क्रम बदलू शकतो. अजून आपल्या खासगी रॉकेटमुळे कुणाचा बळी गेलेला नाही. कायदा करण्याची हीच वेळ आहे.

या कायद्यात काय असावं? पहिलं, इन-स्पेसला संसदेच्या कायद्याचा आधार आणि नियामक म्हणून स्वतंत्रपणे निर्णय घेण्याचा अधिकार. दुसरं, निर्णयाची मुदत. नव्या कंपन्या गुंतवणूकदारांच्या पैशावर महिन्यामहिन्यानं जगत असतात. त्यांना नकारापेक्षा अनिश्चितता जास्त मारते. तिसरं, विमा किती आणि त्यापुढचा भार कुणाचा, याचं स्पष्ट गणित. मर्यादा नसेल तर लहान कंपनी उभीच राहणार नाही, आणि विमा नसेल तर सगळा बोजा जनतेवर येईल. चौथं, अपघात झाला तर स्वतंत्र चौकशी आणि तिचा अहवाल लोकांसमोर. पाचवं, रॉकेटचे वापरून झालेले टप्पे कुठे आणि कसे उतरवायचे याचं बंधन. जुलै 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटचा एक भाग वाहत आला होता. म्हणजे आपण या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आहोत.

आणि सहावं, किनाऱ्यावरची माणसं. प्रक्षेपणाच्या वेळी समुद्राचा मोठा पट्टा बंद ठेवावा लागतो. सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे. पण उड्डाण पुढे ढकललं की मच्छीमाराचा आणखी एक दिवस जातो. वर्षातून मोजकी उड्डाणं होती तोवर हे निभावलं. खासगी कंपन्यांमुळे उड्डाणं वाढतील, तसे बोट किनाऱ्यावर बांधून ठेवण्याचे दिवसही वाढतील. त्या दिवसांचा मोबदला परवान्याच्या अटींतच असला पाहिजे.

नियम म्हणजे अडथळा, असं मानणारे बरेच आहेत. त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: खराब नियम अडवतात, चांगले नियम आधार देतात. विमा कंपनी, परदेशी ग्राहक, बँक, सगळे आधी विचारतात, तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो? या प्रश्नाला आपल्या तरुण उद्योजकांना ठाम उत्तर देता आलं पाहिजे.

श्रोतेहो, आपण निवडून दिलेल्या खासदारांना आपण रस्त्यांविषयी विचारतो, पाण्याविषयी विचारतो. अंतराळ कायद्याविषयीही विचारायला सुरुवात करा. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, तेव्हापासून हा कार्यक्रम भारतीय जनतेच्या पैशावर आणि विश्वासावर उभा आहे. त्यात खासगी भागीदार येत आहेत, त्यांचं स्वागतच आहे. पण जनतेचा हा विश्वास सांभाळायची जबाबदारी संसदेची आहे, आणि ती संसदेनं पहिल्या अपघाताची वाट न पाहता पार पाडली पाहिजे.