खिडकीपलीकडचा हात



पडद्यामागे लेझीमचं पथक ताटकळलंय, त्यांची खळखळ मला इथं ऐकू येतेय. तेव्हा एकच गोष्ट सांगतो.

माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. सरकारी माणूस काम का करतो आणि का टाळतो, यावर जगभर संशोधन होतं. ते वाचायचा नाद मला पुढे लागला. पण त्यातला पहिला धडा मी इथं, शिवडीत गिरवला.

नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. माझ्या खिडकीला जाळी होती आणि खाली कागद सरकवायला फट. दिवसभर त्या फटीतून हात आत यायचे. चेहरा दिसत नसे, आणि दिसावा असं मला वाटतही नसे. एका आजींचं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण मी तीनदा परत केलं. एका कागदावर नावाला 'बाई' जोडलेलं, दुसऱ्यावर नुसतंच नाव. मी शेरा मारायचो, 'त्रुटीची पूर्तता करावी'. तिसऱ्या वेळी आमचे हेडक्लार्क मागे उभे होते. तेव्हा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ती फाइल माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः घरी जा. काय अडलंय ते त्यांनाच विचारा."

पत्ता शिवडीच्या बीडीडी चाळीतला होता. जिना चढून गेलो, तर मधून लांबच लांब अंधारी वाट, दोन्ही बाजूंना खोल्या. दार उघडलं तेव्हा चेहरा मी ओळखला नाही, हात ओळखला. अंगठ्यापाशी भाजल्याचा जुना डाग होता. त्या म्हणाल्या, "खिडकीवरचे साहेब ना? बसा, चहा टाकते." यजमान जाऊन अकरा महिने झाले होते. त्यांनी फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली. आत माझे तिन्ही शेरे नीट घडी घालून ठेवलेले, माझ्याच अक्षरातले. त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यायच्या आणि पुन्हा रांगेत उभ्या राहायच्या.

दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, एवढं प्रतिज्ञापत्र त्या कामाला पुरत होतं. ती वाट नियमात आधीपासून होती. मी शोधली नव्हती.

अनेक वर्षांनी ॲडम ग्रँट या अमेरिकन अभ्यासकाचा 2007 सालचा एक प्रयोग वाचनात आला आणि ती पिशवी डोळ्यांपुढे उभी राहिली. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे काही कर्मचारी होते. त्या पैशातून मुलांना शिष्यवृत्त्या मिळत. यांतल्या काही जणांची अशाच एका विद्यार्थ्याशी पाचेक मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभरानं पाहिलं, तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून अधिक झालेला. पगार तोच, साहेब तोच. ज्यांनी विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचलं, त्यांच्यात असा फरक पडला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले पुष्कळ जण एमपीएससीची तयारी करणार, म्हणून आणखी एक अभ्यास सांगतो. रेमा हॅना आणि शिंग-यी वांग या संशोधकांनी बंगळुरूच्या कॉलेजातल्या मुलांना फासे टाकायला दिले. किती पडले ते मुलांनीच सांगायचं, त्यावर पैसे मिळणार. ज्यांनी आकडे फुगवले, त्यांचा सरकारी नोकरीकडे ओढा जास्त निघाला. वाचून मला फार वाईट वाटलं. पण डेन्मार्कमध्ये अशीच पाहणी झाली, तेव्हा उलट दिसलं. तिथं प्रामाणिक मुलांचाच सरकारी नोकरीकडे ओढा जास्त होता. म्हणजे हा सरकारी खुर्चीचा उपजत गुण नाही. आपल्या गल्लीत त्या खुर्चीबद्दल काय बोललं जातं, घरी तिचं कौतुक कशासाठी होतं, यावर तिच्याकडे कोण वळतं ते ठरत असावं, असं माझं मत आहे.

आणि शिवडीत राहणाऱ्यांनी उदाहरणासाठी डेन्मार्कला कशाला जायचं? इथलं महापालिकेचं क्षयरोग रुग्णालय आशियातलं सर्वांत मोठं म्हणून ओळखलं जातं. क्षय हवेतून पसरतो. इथल्या कर्मचाऱ्यांनाही त्याची लागण झाली आहे, काहींनी जीव गमावला आहे. तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला परिचारिका येतात, आया येतात, वॉर्डबॉय येतात. औषधानं मळमळणाऱ्या माणसाला समजावून गोळ्या घ्यायला लावतात, कारण बरं वाटलं म्हणून मध्येच औषध सोडलं तर रोग उलटतो, आणि पुढे औषधांनाही दाद देईनासा होतो. जेम्स पेरी आणि लोइस वाइज या अभ्यासकांनी 1990 साली लोकांसाठी असं झटण्याच्या वृत्तीची 'लोकसेवेची प्रेरणा' म्हणून मांडणी केली. पुढे पेरींनी ती मोजायची पट्टी तयार केली, तिच्यात करुणाही आहे आणि त्यागही. त्याग या शब्दापाशी मी अडखळतो. माणसं त्याग करतात म्हणून मास्क, सकस आहार, हक्काची रजा यांत काटकसर करायची मुभा कुणालाच नाही. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशा सेविकांचा गौरव केला. त्या आजही मानधनावर आहेत. गौरव व्हावा, पगारही व्हावा.

नेतृत्व म्हटलं की मला आमचे हेडक्लार्क आठवतात. त्यांनी मेमो दिला असता तर मी उत्तर लिहिलं असतं, तेही उत्तम भाषेत. त्यांनी मला जिना चढायला लावला.

आता तुम्हाला एक काम देतो. लहानपणीचं तुमचं लसीकरणाचं कार्ड आईनं कपाटात जपून ठेवलं असेल. ते काढा. लस टोचणाऱ्या नर्सताई, घरी येऊन आठवण करणाऱ्या आरोग्य सेविका कोण होत्या, ते आईला विचारा. त्यातली एखादी तरी अजून जवळच्या आरोग्य केंद्रात असेल. पत्र नको, फोन नको. पाच मिनिटं तिच्यासमोर जाऊन उभे राहा आणि सांगा, तुम्ही लस दिली होती तो मी, आता बारावीला आहे.

ते कार्ड सोबत न्या.