जमाखर्च जुळला, पण तो खरा आहे काय?

(महाविद्यालयीन अध्यापक व पंचायत सदस्य यांच्यापुढील व्याख्यान)



वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी वित्तीय लेखाकर्माचा जो प्राथमिक अभ्यासक्रम शिकविला जातो, त्याकडे कारकुनी आकडेमोड म्हणून पाहण्याची प्रवृत्ती अद्याप गेलेली नाही. नियम पाठ करावेत, नमुन्याची उदाहरणे सोडवावीत, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळवाव्यात आणि परीक्षा द्यावी, एवढ्यावर अनेक विद्यार्थी समाधान मानतात. परंतु हिशेब जुळणे आणि हिशेब खरा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ज्या विद्यार्थ्याला उमगला, त्यालाच हा विषय आला असे म्हणता येईल.

हिशेबाची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे शब्द पाठ्यपुस्तकांसाठी घडविलेले नव्हेत. पेशवे दप्तरातील मोडी कागदांत ते जागोजागी आढळतात. द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञ धर्मोपदेशकाने १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केले. ही पद्धती त्याने शोधून काढली नव्हती. तेथील व्यापाऱ्यांत रूढ असलेली रीत त्याने व्यवस्थित मांडली. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले आणि पेढीवर अनुभवाने शिकली जाणारी ही विद्या आपल्याकडे महाविद्यालयीन अध्ययनाचा विषय बनली.

या पद्धतीचे मूळ तत्त्व साधे आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन अंगे असतात. कोठेतरी काही येते, तेव्हा कोठून तरी काही जाते. म्हणून प्रत्येक रक्कम एका खात्याच्या नावे पडते व दुसऱ्या खात्याला जमा होते. रोजकीर्दीतील नोंदी खतावणीत जातात, खतावणीतील बाकींची तेरीज मांडली जाते आणि तिच्यावरून नफातोटा पत्रक व ताळेबंद तयार होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावातील महिला बचत गटाने सभासदांच्या ७०,००० रुपयांच्या भांडवलावर पिठाची गिरणी सुरू केली. ६०,००० रुपयांचे यंत्र घेतले. वर्षभरात दळणाचे ४८,००० रुपये रोख मिळाले आणि वीज व किरकोळ बाबींवर ३०,००० रुपये खर्च झाले. वर्षअखेर ३,००० रुपयांचे वीजबिल देणे राहिले. केवळ रोख आवकजावक पाहणारा म्हणेल, की आले ४८,००० आणि गेले ९०,०००. धंदा ४२,००० रुपयांनी बुडाला.

लेखाकर्म शिकलेला विद्यार्थी येथे थांबून विचार करील. यंत्र एका वर्षात संपत नाही. ते दहा वर्षे चालेल आणि अखेरीस त्याची किंमत काही उरणार नाही असे धरले, तर या वर्षाच्या वाट्याला घसारा येतो तो ६,००० रुपये. उलट, न दिलेले वीजबिल याच वर्षाचे असल्याने ते खर्चात धरलेच पाहिजे. म्हणजे ४८,००० रुपयांच्या उत्पन्नातून ३०,०००, ३,००० व ६,००० वजा जाता ९,००० रुपये नफा राहतो. ताळेबंदात एका बाजूस यंत्र ५४,००० आणि रोख शिल्लक २८,०००. दुसऱ्या बाजूस भांडवल ७०,०००, नफा ९,००० आणि वीजबिलाचे देणे ३,०००. दोन्ही बाजूंची बेरीज ८२,००० रुपये होते.

आता याच हिशेबात लिहिणाऱ्याने यंत्राची रक्कम चुकून दुरुस्तीच्या खात्यात टाकली असे समजा. भांडवली खर्च महसुली ठरला, घसाऱ्याचा प्रश्नच उरला नाही आणि ९,००० रुपयांचा नफा ४५,००० रुपयांचा तोटा झाला. तरीही तेरीज जुळतेच, कारण रक्कम नावेच पडली आहे. फक्त चुकीच्या खात्यात पडली आहे. एखादा व्यवहार मुळीच लिहिला नाही, किंवा दोन चुकांनी परस्परांची भरपाई केली, तरीही तेरीज बिनबोभाट जुळते. अशा कागदावर विसंबून गटाने चालती गिरणी बंद केली, किंवा बँकेने कर्ज नाकारले, तर होणारी हानी कागदावरची राहत नाही. ती घरोघरच्या चुलीपर्यंत पोहोचते.

ग्रामपंचायतीच्या कारभारातही हीच दृष्टी उपयोगी पडते. घरपट्टीची मागणी एक लाख रुपये आणि वसुली सत्तर हजार असेल, तर रोकडवहीत सत्तर हजारच दिसतील. उरलेल्या तीस हजारांच्या येण्याचा पत्ता करमागणीच्या नोंदवहीत लागतो. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचणाऱ्या सदस्यालाच पंचायतीची खरी स्थिती कळते. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले, तसेच त्यांच्या हिशेबांची व लेखापरीक्षणाची तरतूद कायद्याने करण्याची मुभा राज्यांच्या विधानमंडळांना दिली. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वार्षिक हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. तो ठेवला जातो. परंतु समोर बसलेल्यांना तो वाचता येत नसेल, तर या तरतुदीचा हेतू अर्धाच सफल होतो.

संगणकामुळे या शिक्षणाची गरज उरली नाही, असेही काहींना वाटते. बेरजा करण्याचे व खतावणीचे श्रम यंत्राने वाचविले आहेत हे खरे. पंचायतींचे हिशेबही २०२० साली सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर नोंदले जातात. पण अमुक खर्च भांडवली की महसुली, अमुक येणे वसूल होण्याजोगे आहे की बुडीत, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. चुकीच्या खात्यात टाकलेली रक्कम संगणक तितक्याच तत्परतेने आणि अधिक नीटनेटकेपणाने दाखवितो.

म्हणून अध्यापकांनी पहिल्या वर्षाच्या वर्गात नियमांबरोबर पावती, बिल, बँकेचे पुस्तक आणि एखाद्या सहकारी संस्थेचा छापील अहवाल हेही ठेवावे. विद्यार्थ्याने ताळेबंद जुळविला की त्याला आणखी एक प्रश्न विचारावा : या संस्थेची स्थिती कशी आहे आणि तू हे कशावरून म्हणतोस? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अन्य शाखांतील विषय निवडण्याची सोय झाली आहे. कला व विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांनाही या विषयाची प्राथमिक ओळख करून देणे त्यामुळे शक्य आहे. उद्याचे सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक आणि सहकारी संस्थांचे संचालक याच वर्गांतून येणार आहेत.

सार्वजनिक पैशाचा खरा राखणदार म्हणजे हिशेब वाचू शकणारा आणि न संकोचता प्रश्न विचारणारा नागरिक होय. असा नागरिक घडविण्याचे काम पहिल्या वर्षाच्या या साध्या अभ्यासक्रमापासून सुरू होऊ शकते.