आठवीनंतर कोणाच्या हाती काय दिलं गेलं



आजचा विषय कौशल्य शिक्षणाचा आहे. हल्ली हा शब्द ऐकला नाही असा दिवस जात नाही. पण मी तुम्हाला जरा मागे नेणार आहे, १९५० आणि ६० च्या दशकांतल्या हायस्कुलांत. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील, मामा, आत्या यांच्या शिक्षणाची गाडी जिथे थांबली किंवा भलत्याच रुळावर गेली, ती हीच हायस्कुलं.

१९५२ साली केंद्र सरकारने डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला. १९५३ साली त्याचा अहवाल आला. त्याचं म्हणणं असं की आपलं हायस्कूल म्हणजे नुसती कॉलेजची पायरी झाली आहे, तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला कारकुनीशिवाय काही येत नाही. उपाय म्हणून बहुउद्देशीय शाळा काढाव्यात आणि विषयांचे सात गट ठेवावेत: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. भाषा, समाजशास्त्र, गणितासह सामान्य विज्ञान आणि एखादी हस्तकला हे सगळ्यांना. बाकी ज्याने त्याने आपल्या कलाप्रमाणे गट निवडावा.

कागदावर यात वावगं काही नाही. या आयोगाने जात पाहून मुलं वाटली असं मी म्हणणार नाही, कारण तसं कुठे लिहिलेलं नाही. माझा प्रश्न ‘कल’ या शब्दाविषयी आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा कल कोण ठरवणार? आयोगाने शाळांत मार्गदर्शक नेमायला सांगितलं होतं. तालुक्याच्या शाळेत मार्गदर्शक म्हणजे हेडमास्तर, आणि हेडमास्तरांना मुलाचा कल त्याच्या आडनावात दिसायचा. वकिलाच्या मुलाच्या घरी सातही गटांचा अर्थ सांगणारं कोणीतरी होतं. आपल्या घरी? तुमच्या अकरावीचा फॉर्म कोणी भरला, आठवून पाहा. माझा तर झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने भरला.

आता गृहविज्ञानाकडे येते. त्या गटात चार विषय होते: गृहअर्थशास्त्र, आहार व पाककला, मातृत्व व बालसंगोपन, आणि गृहव्यवस्था व गृहशुश्रूषा. या विषयाला कमी लेखणाऱ्यातली मी नाही. आहारशास्त्र हे रसायनशास्त्र आहे, बालसंगोपन हे मानसशास्त्र आहे. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ पासून हेच शिकवत होतं, आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा आहे. तिथून शिकलेल्या बायका प्राध्यापक झाल्या, आहारतज्ज्ञ झाल्या. पण तालुक्याच्या हायस्कुलातलं गृहविज्ञान त्या वाटेला लागत नव्हतं.

माझी आई साठच्या दशकात शिकली. तिला गणितात गती होती. बाईंनी सांगितलं, बीजगणित-भूमिती तुला कशाला, गृहशास्त्र घे, सोपं जाईल. तिने घेतलं. पाककलेच्या प्रात्यक्षिकाला चौघींचा गट असायचा. सामान आणणं आणि शेवटी भांडी घासणं ही कामं दर वेळी आईकडे. फोडणी, कणीक, चव बघणं बाकीच्या तिघींकडे. वार्षिक परीक्षेत मात्र प्रत्येकीला एकटीने पदार्थ करायचा होता. आईने आमटी केली. परीक्षक बाईंनी इतर मुलींच्या पातेल्यांतून चमचाभर घेऊन चव पाहिली, आईच्या पातेल्यात नुसतं डोकावून गुण लिहिले. काठावर पास.

तिच्या पुस्तकात ‘नोकरांवर देखरेख’ असा एक भाग होता. माझी आजी तेव्हा दोन घरची धुणी-भांडी करत होती. म्हणजे मालकिणीने माझ्या आजीवर नजर कशी ठेवावी, हे माझ्या आईने पाठ करून परीक्षेत लिहिलं. आहाराच्या धड्यात दूध, तूप, सुका मेवा. आमच्या घरी शिजायचं ते, चान्या, वजडी, सुकट, त्यात प्रथिनं नसावीत बहुधा! (शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचलं नसेल तर वाचा. गृहविज्ञानाच्या पुस्तकांनी जे वगळलं ते त्यात आहे.)

मॅट्रिकनंतर आईला पॉलिटेक्निकला जायचं होतं. बीजगणित-भूमिती नव्हती. दार तिथेच बंद झालं.

पुढे हंसा मेहता यांच्या समितीने मुलामुलींच्या अभ्यासक्रमात असा भेद नको अशी भूमिका घेतली, आणि १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालानेही म्हटलं की गृहविज्ञान ऐच्छिक ठेवा, मुलींवर सक्तीचं करू नका. पण ऐच्छिक म्हणजे काय हे बाईंच्या त्या एका वाक्यात तुम्ही ऐकलंच.

मुदलियार अहवाल आला त्याच १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी रोज तीन तास शाळेत यावं, उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. पेरियार आणि द्रमुकने तिला ‘कुलक्कल्वि’, म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव दिलं आणि रान उठवलं. १९५४ साली राजाजींना पायउतार व्हावं लागलं, कामराज मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी योजना रद्द केली. योजनेत जातीचा उल्लेख करायची गरजच नव्हती. ‘बापाचा धंदा’ म्हटलं की आपल्या देशात सगळं आलं. १९५३ सालीच दक्षिण आफ्रिकेत बांटू शिक्षण कायदा झाला. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या हाताखालच्या कामापुरतंच शिकवायचं, हा त्याचा उघड हेतू होता. आणि मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कुलांतली हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं वर्गाबाहेर पडली, त्यांच्या तक्रारींतली एक हीच होती: आम्हाला कॉलेजच्या वाटेऐवजी वर्कशॉपकडे आणि घरकामाच्या वर्गांकडे का वळवता?

मग हातांचं काम शिकूच नये का? हा प्रश्न मला प्रत्येक सभेत येतो, म्हणून आधीच बोलते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं ज्ञान द्यावं अशी मागणी आहे. बाबासाहेबांनी तर कौशल्य कसं अडवलं जातं हे गिरण्यांत पाहिलं होतं. मुंबईत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही, कारण धाग्याला तोंड लावावं लागतं. १९२८ च्या संपात त्यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉयला सविस्तर निवेदन दिलं. त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि परदेशी पाठवण्याची तरतूद मागितली, आणि सरकारी छापखाने व रेल्वे वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवारीवर घ्या अशीही मागणी केली. दोन्ही एकाच निवेदनात. आपल्या मुलाला लेथ चालवता यावी आणि लेथ बनवणारा इंजिनिअरही त्याला होता यावं. मुदलियारांच्या शाळेत तांत्रिक गट होता, पण रेल्वे वर्कशॉपचं दार उघडून देणारं कोणी नव्हतं.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाबद्दल थोडं. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी त्यात दहा दिवस दप्तराविना आहेत. मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकायचं. कल्पना मला आवडते. वकिलाच्या मुलाने रंधा हातात धरावाच. पण सुताराच्या मुलाला त्या दहा दिवसांत कुठे पाठवणार? मी एका मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, “त्याला येतंच की मॅडम, तो बाकीच्यांना मदत करेल.” त्याला कोर्टात किंवा दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत दहा दिवस पाठवा म्हटलं, तर हसले.

तुमच्यातले बरेच जण गावापासून, राज्यापासून लांब आहात, पण फोन सगळ्यांकडे आहे. घरात आठवी-नववीत कोणी असेल तर विषयांचा फॉर्म तुम्ही स्वतः मागवून वाचा. सीबीएसईच्या दहावीला २०१९-२० पासून गणित ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असं दोन पातळ्यांचं आहे. शाळा ‘बेसिक’ सुचवत असेल तर अकरावीत गणित घ्यायला अट काय, हे सही करण्याआधी विचारा, लेखी विचारा. आयटीआयला जात असेल तर जाऊ द्या, पण दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून इंजिनिअरिंगला जाता येतं, हे पहिल्या दिवशी सांगा. आणि बहिणीला कोणी “हे सोपं जाईल” म्हणत असेल, तर त्या विषयानंतरच्या कॉलेजांची यादी त्यांच्याकडेच मागा.