एका कार्बनाची भर



पोलादाच्या या नगरीत रसायनशास्त्रावर बोलताना आम्हांला प्रारंभासाठी दूर जावे लागत नाही. लोखंडी पत्रे कापणाऱ्या ज्योतीतील ॲसिटिलीन वायू आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कॅल्शियम कार्बाइडावर पाणी पडले की तो निघतो. आणि कार्बाइड होते कोक व चुना यांपासून. कोकभट्ट्या आणि नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी भिलाईत कोणास ठाऊक नाहीत?

ॲसिटिलीनमध्ये दोन कार्बन तिहेरी बंधाने जोडलेले असतात. असा बंध रेणूच्या अगदी टोकाशी असला म्हणजे त्या संयुगास आम्ही अग्रस्थ अल्काइन म्हणतो. या टोकावरील हायड्रोजन काढून तेथे दुसरा रेणू जोडता येतो, हे त्याचे मोल. गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिल इस्ट्राडायोलला हेच टोक आहे. रेणू चटकन जोडण्याच्या ज्या विद्येसाठी शार्पलेस, मेल्डल आणि बर्टोझी यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तिचाही हा एक आधार होय.

मात्र मोठ्या रेणूस हे टोक आणावयाचे कोठून? दालचिनीला आणि व्हॅनिलाला सुगंध देणारी जी अल्डिहाइडे, त्यांच्या वर्गातून. अल्डिहाइडाच्या टोकावरील ऑक्सिजन काढून त्याजागी एक नवा कार्बन बसविला की काम झाले.

कोरी आणि फुक्स यांनी १९७२ साली हे दोन पायऱ्यांत साधले. कार्बन टेट्राब्रोमाइड व ट्रायफिनाइलफॉस्फीन यांच्या योगे दोन ब्रोमिनांसह नवा कार्बन बसतो. मग शून्याखाली ७८ अंशांवर ब्यूटिललिथियम घालून ते ब्रोमीन काढतात. मार्ग भरवशाचा, परंतु ब्यूटिललिथियम इतके जहाल, की रेणूतील अन्य नाजूक भागही त्याच्या तडाख्यात सापडतात.

हानी केवढी, याचा हिशेब पाहा. प्रत्येक पायरीवर शंभरातील नव्वद भाग हाती लागले, तरी वीस पायऱ्यांअंती बाराच उरतात. महिनोन्‌महिने खपून मिळालेली ती चिमूटभर पूड एका दुपारी नासू शकते.

म्हणून सौम्य मार्गाची निकड होती. सायफर्थ आणि गिल्बर्ट यांच्या डायझोफॉस्फोनेटास ओहिरा यांनी १९८९ साली आणि बेस्टमान यांनी १९९६ साली सोपे रूप दिले. मिथेनॉल, पोटॅशियम कार्बोनेट आणि खोलीचे नेहमीचे तापमान एवढ्यावर भागते. पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे धुण्याच्या सोड्याचे सख्खे भावंड! नायट्रोजन बुडबुड्यांनी निघून जातो आणि अल्काइन हाती येते.

तथापि जुना मार्ग टाकाऊ ठरला, असे आम्ही म्हणणार नाही. रेणू दणकट असेल तर तो आजही उपयोगी पडतो. प्रश्न विक्रियेच्या नावीन्याचा नसून समोरच्या रेणूला काय सोसेल, याचा आहे. भट्टीच्या धगीने लोखंड घडते; औषधाचा रेणू मात्र पुष्कळदा हलक्या हातानेच घडवावा लागतो. प्रयोगशाळेकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींनी दोन्ही रीती शिकाव्यात, आणि कोणती केव्हा वापरावी हा विवेक त्यांहून अधिक जपावा, एवढीच आमची विनंती आहे.