भांबुर्ड्याचे नाव
(ज्युबिलीच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही आपल्या मंदिराविषयी चार शब्द बोलावे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. परंतु प्रथम आम्ही आपणांस मुठेपलीकडच्या एका गावाकडे नेणार आहोत. त्याचे नाव भांबुर्डे. शिवाजीनगर स्थानकावर उतरणाऱ्या तरुणांस हे नाव विचारावे, तर बहुतेक जण आमच्या तोंडाकडे पाहत राहतात.

हे गाव काल-परवाचे नव्हे. आठव्या शतकाच्या सुमारास, राष्ट्रकूटांच्या काळी, अखंड खडकात कोरलेले पाताळेश्वराचे लेणे त्याच्याच शिवेत आहे. पेशवाईत नदीच्या उजव्या तीरावर पेठा भरभराटीस आल्या. डाव्या तीरावर शेते व मळे राहिले. इ. स. 1858 मध्ये आगगाडी आली. तदनंतर अभियांत्रिकी महाविद्यालय व फर्ग्युसन महाविद्यालय यांच्या इमारती याच बाजूस उभ्या राहिल्या, आणि मळ्यांच्या जागी बंगले दिसू लागले. पुणे शहराची नगरपालिका 1857 ची. उपनगराची नगरपालिका निराळी होती. दिनांक 15 फेब्रुवारी 1950 रोजी दोन्ही मिळून महानगरपालिका झाली, आणि ती शीव पुसली गेली. शिवछत्रपतींच्या नावाने गावास शिवाजीनगर म्हणू लागले, हे भूषणच होय. तथापि जुने नाव अगदीच लोपले नाही. जमिनीच्या दप्तरांत व भांबुर्डा वनविहाराच्या पाटीवर ते अद्याप टिकून आहे.

एकत्र होणे म्हणजे काय, हे लोकांस कागदाने कमी व पाण्याने अधिक शिकविले. दिनांक 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले. पुराने अलीकडचा तीर व पलीकडचा तीर असा भेद केला नाही. ज्यांची घरे गेली, त्यांतील कित्येकांस पुढे टेकडीच्या पायथ्याशी गोखलेनगरात आसरा मिळाला. ज्या गावास शहराने पोटात घेतले, त्याच बाजूने शहराच्या निराश्रितांस आपल्या कुशीत घेतले.

आता आपल्या घरची गोष्ट. आपणही असेच ठिकठिकाणांहून येथे मिसळलेले लोक आहोत. पेशव्यांच्या चाकरीतील गोमंतकीय कॅथलिकांस सवाई माधवरावांनी जागा दिली, आणि 1792 मध्ये नाना पेठेत पुण्याचे पहिले कॅथलिक मंदिर झाले. 1886 मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. पुढे कोणी वसईहून आले, कोणी नगर जिल्ह्यातून 1972 च्या दुष्काळात पोटासाठी आले. आज मुलांस विचारले तर ती म्हणतात, "आम्ही पुण्याचे." ते खरेही आहे, परंतु तेवढेच खरे नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका वृद्ध मातेचा अंत्यविधी केला. तिचे माहेर कोणते, हे घरात कोणासही सांगता येईना. शेवटी आमच्या जुन्या विवाहवहीत एक ओळ सापडली. माहेर नगरकडील एक खेडे. आणि राहण्याचे ठिकाण म्हणून लिहिले होते, "भांबुर्डे". महानगरपालिका होऊन वर्षे लोटली होती, तरी लिहिणाऱ्या धर्मगुरूंच्या लेखणीतून ते नाव गेले नव्हते. नातवाने ती ओळ दोनदा वाचली व तो गप्प बसला. लाज मात्र आम्हांस अधिक वाटली. कित्येक वर्षे दर रविवारी आम्ही तिला ख्रिस्तशरीर दिले, पण "आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?" एवढे कधी विचारले नाही. मेंढपाळाने मेंढरू नावाने ओळखावे, हे आम्ही व्यासपीठावरून अनेकदा सांगितले आहे.

म्हणून या ज्युबिलीची भेट म्हणून आम्ही आपणांकडे पैसा मागत नाही. प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांपाशी बसून त्यांचे गाव, माहेर, आईबापांची नावे व पुण्यास येण्याचे कारण एका कागदावर लिहून आणावे. त्यासाठी आम्ही एक नवी वही बांधून घेतली आहे. पहिल्या पानावर त्या मातेचे नाव आम्ही स्वतः लिहिले आहे. पुढची पाने आपली वाट पाहत आहेत. वृद्ध मंडळी फार काळ थांबणार नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.