स्क्रू फिरवला म्हणजे सेटिंग झालं असं नाही

(महिलांसाठीच्या दुचाकी-दुरुस्ती शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल आपण चाक काढलं, चेन ताणली, ब्रेकचे लायनर बदलले. आज कार्बोरेटर. काल संध्याकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघी म्हणाल्या, 'ताई, ते तेवढं मेकॅनिकवरच सोडू या, ते फार बारीक काम असतं.' बारीक आहे हे खरं. पण अवघड आहे हे आपल्याला कुणी सांगितलं, तेही बघू या. गॅरेजमध्ये हेच एक काम असं आहे की ते करताना मिस्त्री पाठमोरा होतो.

आधी एक प्रश्न निकालात काढते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. मग शिकायचं कशाला? कारण नवी गाडी आपल्यापैकी किती जणींच्या नावावर आहे? आपल्या हातात गाडी येते ती तिसऱ्या हाताची. आधी धाकट्या दिराने फिरवलेली, मग पुतण्याने 'मॉडिफाय' केलेली, आणि त्याला नवी मिळाली की जुनी आपल्याकडे. म्हणजे ज्या बदलांबद्दल आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, त्यांचा खर्च मात्र आपल्या पदरात.

आमच्या तालुक्यातल्या एका मैत्रिणीचं सांगते. ती बंदरावरून मासळी घेऊन घाटावरच्या गावांत विकते. शंभर सीसीची जुनी मोटारसायकल घेतली, एका कॉलेजच्या मुलाकडून. त्याने हवेच्या फिल्टरचा अख्खा डबा काढून त्याजागी उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला होता. मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा मोकळा सायलेन्सर बसवला होता. कार्बोरेटरला मात्र हात लावला नव्हता. गाडी घाटात दम तोडायची, इंजिन तापायचं, सायलेन्सरमधून फटाके वाजायचे. ती गॅरेजला चार वेळा गेली. चारही वेळा मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर घेतला, बाजूचा एक स्क्रू फिरवला, गाडी दारात उभ्या-उभ्या गोड आवाजात चालली, 'झालं सेटिंग, मावशी.' आणि पैसे घेतले. मे महिन्यात, पाठीवर दोन क्रेट असताना, घाटाच्या वरच्या वळणावर पिस्टन पकडला. पिस्टन, बोअर, लेथवाल्याची मजुरी, शिवाय त्या दिवसाची मासळी आणि पुढच्या आठवड्याचा बुडालेला धंदा.

तो मिस्त्री खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याने जे केलं ते गाडी उभी असतानापुरतं बरोबर होतं. तिची गाडी मात्र घाट चढत होती. हा फरक आज समजून घ्यायचा आहे.

बायकांना यंत्र समजावताना उदाहरण स्वयंपाकघरातूनच आणायचं अशी एक पद्धत आहे. मला ती आवडत नाही. डासांचं औषध मारायचा जुना पत्र्याचा हातपंप तुम्ही पाहिला असेल. दांडा ढकलला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जाते, तिथला दाब उतरतो, आणि खालच्या डबीतलं औषध नळीतून आपोआप वर चढून फवारलं जातं. कार्बोरेटर म्हणजे तोच पंप. इंजिन हवा ओढतं, ती एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर येतं. त्या भोकाच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. हवा किती आणि पेट्रोल किती, हे प्रमाण जेटने ठरतं. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते.

कंपनी जेट निवडते ते मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सर धरून. मूळ फिल्टरमधून हवा थोडी अडखळत येते, त्यामुळे गळ्यातली ओढ जास्त असते आणि ती पेट्रोलही जास्त खेचते. फिल्टर मोकळा केला की ही जादा ओढ गेली. हवा वाढली, पेट्रोल त्या मानाने वाढलं नाही. त्यात सायलेन्सर मोकळा केला की जळलेला धूर लवकर बाहेर पडतो आणि सिलिंडरमध्ये ताजी हवा आणखी भरते. दोन्ही मिळून मिश्रण कोरडं होतं. गॅरेजच्या भाषेत लीन. लीन मिश्रण गरम जळतं, इंजिन ठोकायला लागतं, आणि शेवटी पिस्टन जातो. टू-स्ट्रोक गाडी असेल तर धोका दुप्पट, कारण तिथे पेट्रोलबरोबरच तेल जातं. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी.

आणखी एक गोष्ट हल्ली भर घालते. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सगळीकडे पोचलं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. त्यामुळे या पेट्रोलला किलोमागे साधारण १३.५ किलोच हवा पुरते. जेट तोच, हवा तीच, तर मिश्रण आणखी लीन. म्हणजे जुन्या गाडीत काहीही न बदलता ती थोडी कोरडी झालेलीच आहे. त्यावर उघडा फिल्टर लावला तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

आता तो स्क्रू. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एकच वाट नसते. रेस अगदी थोडी दिलेली असताना, म्हणजे साधारण आठव्या हिश्शापर्यंत, पेट्रोल स्लो जेटमधून येतं आणि मिश्रणाचा स्क्रू त्याच्यावर चालतो. त्याच्या जरा वर, पाव रेसपर्यंत, स्लाइडचा कापलेला कोपरा काम करतो. त्याच्या वाटेला आपण जाणार नाही. पाव ते पाऊण रेसपर्यंत सुई, म्हणजे नीडल. पाऊण ते पूर्ण रेसला मेन जेट. आमच्या मैत्रिणीचा पिस्टन मेन जेटच्या हद्दीत गेला आणि मिस्त्री चारही वेळा स्लो जेटच्या हद्दीत फिरत होता. पीयूसीचंही असंच. तपासणी गाडी उभी ठेवून, स्लोवर होते. पास झाली म्हणून घाटात मिश्रण बरोबर आहे असं समजू नका.

जेटला हात लावण्याआधी बाकीची तपासणी करा. टॅपेटची गाळी बरोबर हवी, प्लग चांगला हवा, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबर फाटलेला नको. फाटक्या रबरातून गाडी बाहेरची हवा ओढते आणि मग कुठलंही सेटिंग टिकत नाही. गाडी स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर थोडं साबणाचं पाणी टाका. स्लो बदलला तर तिथून हवा जाते. इथेनॉलने जुनी रबरं लवकर खराब होतात, म्हणून हे पुन्हापुन्हा बघा. आणि जेट तारेने साफ करायचा नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, वर छापलेला नंबर खोटा ठरतो. हवेने फुंका.

मग मेन जेट. जेटवर नंबर असतो. केहिनच्या कार्बोरेटरमध्ये ९८ लिहिलं असेल तर भोक ०.९८ मिलिमीटर. मिकुनीचे नंबर पेट्रोलच्या वाहण्यावर ठरतात, म्हणून एका कंपनीचा नंबर दुसरीला लावून तुलना करू नका. फक्त फिल्टर बदलला असेल तर एखाद-दुसरा नंबर वर, फिल्टर आणि सायलेन्सर दोन्ही असतील तर दोन-तीन नंबर वर, हा अंदाज. सुरुवात मोठ्या जेटने करा आणि खाली उतरत या. पेट्रोल जास्त झालं तर गाडी घुरघुरेल, काळा धूर मारेल, प्लग काजळेल. नुकसान एवढंच. कमी झालं तर पिस्टन. ज्यांना काटकसरीची सवय आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण 'अ‍ॅव्हरेज वाढवून द्या' म्हणून लहान जेट बसवून घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. लहान जेटने वाचलेलं पेट्रोल लेथवाल्याकडे जातं.

पारख अशी. मोकळा सरळ रस्ता, तिसरा गिअर, पूर्ण रेस. गाडी अडखळते आणि रेस किंचित कमी केल्यावर जोर धरते, तर मेन जेट लहान. पूर्ण रेसला चोक थोडा ओढून बघा. सुधारली तर लीन, बिघडली तर रिच. प्लगचा रंगही बघतात. पूर्ण रेसवर असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी बाजूला घ्यायची आणि थंड झाल्यावर प्लग काढायचा. पांढराफट्ट म्हणजे लीन, काळा म्हणजे रिच, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. आजच्या पेट्रोलमध्ये रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, तेव्हा एकट्या रंगावर जाऊ नका. आणि हे काम दोघींनी करायचं, हेल्मेट घालून, भर वस्तीत नाही.

मेन जेट बसला की सुई. सुईच्या डोक्याला बहुतेक पाच खाचा असतात आणि एकीत क्लिप असते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उठते आणि पेट्रोल वाढतं. आपल्या रोजच्या गाड्यांत कधीकधी एकच खाच असते. मग क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा बारीक वायसर घाला, काम होतं. मध्या रेसला गाडी धक्के देत असेल तर सुईकडे बघा.

सगळ्यात शेवटी तो प्रसिद्ध स्क्रू. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करा. स्क्रू हळूच पूर्ण आत घ्या, किती वेढे झाले ते मोजून लिहा, दाबू नका. मग दीड वेढा बाहेर घ्या आणि तिथून पाव-पाव वेढा फिरवत इंजिन सगळ्यात वेगाने आणि एकसारखं कुठे चालतं ते ऐका. इथे एक फसगत आहे. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर काढला की पेट्रोलचं प्रमाण कमी होतं. पेट्रोलचा स्क्रू तीन वेढ्यांच्या बाहेर गेल्याशिवाय गाडी नीट चालत नसेल तर स्लो जेट लहान आहे, तो एक नंबर वाढवा. रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात तेही बहुधा स्लो जेट लीन असल्याने, नाही तर बेंड पाइपच्या जोडातून हवा जात असल्याने.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तारीख, जेटचा नंबर, खाच, वेढे, हवामान, गाव. गाव यासाठी की महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे हवा विरळ, खाली बरोबर असलेला जेट वर जड वाटतो. बोळातल्या चाचणीवर जेट बदलू नका.

कालच्या चर्चेत कुणी तरी म्हणालं की हे बायकांचं क्षेत्रच नाही. बिअट्रिस शिलिंग या इंग्लिश इंजिनिअरबाईंचं नाव ऐकून ठेवा. जन्म १९०९, मृत्यू १९९०. मँचेस्टरला इंजिनिअरिंग शिकल्या आणि नॉर्टन मोटारसायकलवर ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मार्गावर ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने फेरी मारून १९३४ मध्ये त्यांनी तिथला सुवर्णतारा मिळवला. १९४० च्या लढाईत ब्रिटिश विमानं एकदम खाली झेपावली की मर्लिन इंजिन बंद पडायचं, कारण कार्बोरेटरमधलं पेट्रोल उसळून प्रमाण बिघडायचं. शिलिंगबाईंनी पेट्रोलच्या वाटेत बारीक भोकाची एक पितळी चकती बसवली. इंजिनला जास्तीत जास्त लागेल तेवढंच पेट्रोल जाईल, जादा येणार नाही. १९४१ च्या सुरुवातीला त्या आपल्या तुकडीसह विमानतळांवर फिरून ती बसवून देत होत्या. विमानं सेवेतून काढावीही लागली नाहीत. पुरुष मंडळींनी त्या चकतीला त्यांच्या नावाचं द्व्यर्थी टोपणनाव दिलं. जीव वाचवणाऱ्या बाईची थट्टा करायला जागा सापडतेच. चकती मात्र सगळ्यांनी बसवून घेतली.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण नंतर पोलीस अडवतील तेव्हा मी शेजारी नसेन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा बजावलं. आवाजाचे आणि धुराचे नियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत जातो. माझं स्वतःचं मत विचाराल तर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हा पहाटे सगळ्या गल्लीला उठवण्याखेरीज कशाला उपयोगाचा नाही. मासळी विकणाऱ्या मैत्रिणीला मी मूळ सायलेन्सर आणि फिल्टरचा डबा भंगारातून शोधून बसवायला सांगितलं, आणि मूळ जेट इथेनॉलसाठी एक नंबर वाढवला. पण कुणाला शर्यतीची आवड असेल, बंद मैदानावर पळवायची गाडी असेल, तर तीही आवड आपलीच आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. तिने सगळं मोकळं करावं आणि जेट त्याप्रमाणे बसवावेत.

आता चार-चार जणी एकेका गाडीभोवती बसा. पेट्रोलचा कॉक आधी बंद करा, वाटीखालच्या नळीतून उरलेलं पेट्रोल डबीत काढा. दहा नंबरचा पाना आणि फुल्लीचा स्क्रू ड्रायव्हर प्रत्येक गटात आहे. वाटीचे स्क्रू एका थाळीत ठेवा, गवतात नको. आणि उदबत्ती लावली आहे कुणी त्या कोपऱ्यात, ती आधी विझवा.